जुन्या सांगाड्यावरून माणूस लहानपणी कुठे राहत होता हे कळतं का?

बऱ्याचदा कळतं, पण त्यासाठी हाड नव्हे, दाताचं इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, तपासावं लागतं. खडकातलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य अन्नपाण्यातून शरीरात येऊन दातांत आणि हाडांत काही प्रमाणात कॅल्शियमची जागा घेतं. पहिल्या दाढेचं इनॅमल साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत तयार होतं आणि पुढे बदलत नाही. हाड मात्र आयुष्यभर बदलतं, शिवाय पुरल्यावर मातीतलं स्ट्रॉन्शियम शोषतं. तिथेच निष्कर्ष फसतात. इनॅमलचा वरचा थर घासून काढायचा, आतले काही मिलिग्रॅम घ्यायचे आणि स्ट्रॉन्शियम-८७ व ८६ या त्याच्या दोन प्रकारांचं (समस्थानिकांचं) गुणोत्तर सांगाडा सापडला त्या परिसरातल्या प्राण्यांच्या दातांशी ताडायचं. हे गुणोत्तर खडकागणिक बदलतं. दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर, ते साधारण ०.७०५च्या आसपास असतं, जुन्या ग्रॅनाइटवर बरंच जास्त. अडचण एकच, पण मोठी: पुणे आणि नाशिक दोन्ही बेसॉल्टवरच, त्यामुळे या दोहोंमधलं स्थलांतर यातून दिसणार नाही.