'जीवाणुजन्य मर' केव्हा लिहावे?

बडोद्याहून आलेला प्रश्न असा: बागेतल्या पेरूला 'सुकारो लाग्यो' असे माळी म्हणतो. मराठीत ती मर की करपा? आणि टिपणात 'जीवाणुजन्य मर' लिहिले तर चालेल का?

सुकारो म्हणजे मर. झाडाला मर लागते तेव्हा खोडातल्या जलवाहिन्या तुंबतात, मुळांनी ओढलेले पाणी वर पोचत नाही आणि पाने माना टाकतात. करप्यात पाने डाग पडून भाजल्यासारखी होतात, पण पाणी अडलेले नसते. मुळे सडली तर मूळकूज, फांदी टोकाकडून वाळत आली तर शेंडेमर. हिंदीतला 'उकठा' म्हणजेही मरच.

हे सगळे शब्द डोळ्यांना दिसते ते सांगतात. 'जीवाणुजन्य' मात्र कारण सांगतो, म्हणून तो तपासणीआधी लावू नये. पेरूला तर मुळीच नाही, कारण पेरूची मर बहुधा फ्युजेरियम बुरशीची असते. डाळिंबात गोंधळ आणखी वाढतो: तिथली मर मुख्यतः सेराटोसिस्टिस या बुरशीची, तर जीवाणूचा रोग म्हणजे तेल्या, आणि तेल्या ही मर नव्हे. जीवाणुजन्य मरीचा मुख्य कर्ता राल्स्टोनिया सोलानेसिअरम. अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ एर्विन स्मिथ यांनी १८९६ साली त्याचे वर्णन केले. राल्स्टोनिया हे नाव मात्र १९९५चे. निलगिरी, सुरू आणि तुती या झाडांवर तो सापडलेला आहे.

तो ओळखायचा तर नमुना नुकत्याच मलूल झालेल्या, पाने अजून हिरवी असलेल्या झाडाचा घ्यावा. पूर्ण वाळलेल्या फांदीत मूळ रोगकारक उरत नाही, मेलेल्या लाकडावर वाढणारे भलतेच जंतू हाती लागतात. जमिनीलगतच्या खोडाचा, आतून तपकिरी झालेला तुकडा कापून त्याचे टोक काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात बुडेल असा स्थिर टांगावा. वांग्या-टोमॅटोच्या खोडातून तीन ते पाच मिनिटांत जीवाणूंचे दुधी धागे खाली उतरतात. झाडाचे लाकूड घट्ट असल्याने इथे जास्त थांबावे लागते. पाणी नुसते गढूळ झाले तर ते चिकामुळेही असू शकते. सलग उतरणारा धागाच धरावा. धागा न दिसल्यास जीवाणू नाहीच, असेही म्हणता येत नाही.

पुढचे काम प्रयोगशाळेचे. साल सोलून, ७० टक्के अल्कोहोलने पुसून, लाकडाचे कपटे निर्जंतुक पाण्यात ठेवावेत आणि ते पाणी केल्मन यांच्या टेट्राझोलियम माध्यमावर (जीवाणू वाढवायचा पोषक थर; त्यात टेट्राझोलियम हे रंगद्रव्य ०.००५ टक्के) रेघांनी पसरावे. २८ अंश सेल्सिअसला साधारण ४८ तासांनी पांढऱ्या, ओघळत्या, वेड्यावाकड्या कडांच्या आणि मध्ये गुलाबी वसाहती (वाढलेल्या जीवाणूंचे ठिपके) दिसल्या तर संशय बळावतो. लहान, गोल, गडद लाल वसाहती म्हणजे रोग करण्याची ताकद गमावलेला प्रकार. जुन्या संवर्धनात तो हटकून वर येतो. म्हणून शुद्ध वसाहत मिळताच ती निर्जंतुक पाण्यात, खोलीच्या तापमानाला राखावी. फ्रिजमधल्या थाळीत ती लवकर मरते. ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात वसाहत घोटून काडी उचलली की तार सुटते. पण त्यातून जीवाणू ग्रॅम-ऋण (ग्रॅमच्या रंगचाचणीत जांभळा रंग न धरणारा) आहे एवढेच कळते, जात कळत नाही. जातीसाठी पीसीआर, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून ओळखण्याची चाचणी हवी. ७५९/७६० या प्रायमर जोडीने (तो तुकडा नेमका पकडणाऱ्या डीएनएच्या दोन छोट्या पट्ट्यांनी) सुमारे २८० बेसजोड्यांचा तुकडा मिळतो.

तरीही शेवटची पायरी टाळू नये. मिलिलिटरला सुमारे दहा कोटी पेशींचे द्रावण त्याच जातीच्या निरोगी रोपांच्या मुळांशी घालावे, काही रोपांना नुसते पाणी. पहिल्या गटाला मर लागून त्यातून तोच जीवाणू परत मिळाला आणि दुसरा गट टवटवीत राहिला, तरच दोष त्याचा.

लेखनाचे म्हणाल तर एकट्या शब्दात 'णू' दीर्घ, समासात 'णु' ऱ्हस्व: जीवाणू, पण जीवाणुजन्य. टिपणात नुसती लक्षणे असतील तर 'मर', धागे दिसले असतील तर 'मर, जीवाणूचा संशय' आणि रोपांवरचा प्रयोग जुळला की मग 'जीवाणुजन्य मर' असे लिहावे. तुमच्या पेरूला आज 'मर' एवढेच पुरे.