व्हिसाची तारीख उलटतेय आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कॅशमध्ये कर

प्रश्न : ताई नमस्कार. मी मूळचा रावेर तालुक्यातला, घरी केळीच आहे आणि नशीब बघा, ऑस्ट्रेलियात येऊनही केळीतच अडकलोय, क्वीन्सलंडमधल्या टलीला. वर्क अँड हॉलिडे व्हिसावर आलो, ते बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, नाव लागतं ना तेच, सबक्लास ४६२. पहिलं वर्ष आता संपत आलंय. दुसऱ्या वर्षासाठी शेतातलं तीन महिन्यांचं काम लागतं ते झालंय, पेस्लिपा सगळ्या आहेत, अर्ज ऑनलाइन टाकला, फी भरली, लगेच ब्रिजिंग व्हिसा ए, म्हणजे निकाल येईपर्यंतचा तात्पुरता व्हिसा, त्याचं पत्र पण आलं. पण व्हेवोवर, म्हणजे व्हिसा तपासायच्या सरकारी साइटवर, बघतो तर अजून जुनाच व्हिसा दिसतोय, ब्रिजिंगचं नावच नाही, त्यामुळे डोकं फिरलंय. त्यात इथला कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, तुझा व्हिसा २० तारखेला संपतोय, त्यानंतर तुला पेरोलवर ठेवता येणार नाही, करायचं असेल तर कॅशमध्ये कर, तासाला १८ डॉलर, नसेल जमत तर दुसरीकडे बघ. रूमवरची पोरं म्हणतात घे गुपचूप, निकाल येईपर्यंत असंच करतात सगळे. मी काम करू शकतो की नाही ते एकदा नीट सांगा. आणि पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न आहे, आठ दिवस जाऊन येऊ का? घरी यातलं काहीच बोललो नाहीये.

उत्तर : अरे भाऊ, आधी शांत हो. तू जे करायला हवं होतं ते सगळं केलंयस, गडबड तुझ्या कागदात नाही, त्या कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यात आहे. आणि ती गडबडही मला काही भोळेपणाची वाटत नाही.

व्हेवोचं पहिलं सांगते कारण हा प्रश्न मला सारखा येतो. ब्रिजिंग व्हिसा ए म्हणजे गाडीच्या डिकीतली स्टेपनी समज. अर्ज टाकला की तो मिळतो, पण तुझा चालू व्हिसा जिवंत आहे तोपर्यंत तो नुसता पडून असतो. २० तारीख उलटली की तो आपोआप लागू होतो, वेगळा अर्ज नाही, वेगळी फी नाही. म्हणून आत्ता व्हेवोवर जुनाच व्हिसा दिसतोय, आणि तेच बरोबर आहे. २१ ला सकाळी उठून परत चेक कर, स्क्रीनशॉट घे, पीडीएफ काढून ठेव, आणि ते मालकाला पण मेल करून टाक. मालकाला पण व्हेवोवर कामगाराचा व्हिसा तपासता येतो, त्यासाठी सोयच आहे तिथे, म्हणजे "मला काय माहीत तुझं काय चाललंय" ही पळवाट त्याला नाही.

आता काम. पहिला वर्क अँड हॉलिडे व्हिसा चालू असताना दुसऱ्याचा अर्ज टाकला असेल तर ब्रिजिंग ए वर साधारणपणे काम करता येतं. पण माझ्यावर जाऊ नको आणि रूमवरच्या पोरांवर तर मुळीच जाऊ नको, तुला आलेल्या ग्रँट लेटरमध्ये अटींचे नंबर दिलेले असतात ते उघडून वाच. त्यात ८५४७ असेल तर एका मालकाकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करायचं नाही, ही तुझी ओळखीचीच अट आहे, आत्ताच्या व्हिसावर पण तीच आहे. शेतीच्या कामाला यात सूट असते त्यामुळे केळीवाल्यांना सहसा त्रास होत नाही, पण मध्येच कुठे गोडाऊनमध्ये लागलास तर महिने मोजायला लाग. आणि ८१०१ दिसला तर मात्र थांब, तो नंबर म्हणजे काम बंद. तुझ्या बाबतीत तो असण्याचं कारण दिसत नाही, तरी डोळ्यांनी बघ.

खरी गोम ही की अर्ज व्हिसा जिवंत असताना गेला पाहिजे. हे तू केलंस, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते, तारीख गेल्यावर अर्ज टाकला तर ब्रिजिंग ए मिळत नाही, झालंच तर सी मिळतो, आणि त्यावर कामाची परवानगी सहसा नसते. एका रात्रीच्या फरकाने सगळं बदलतं. आणि फी भरल्याशिवाय अर्ज धरतच नाहीत. आपल्याकडची पोरं इथेच अडकतात, शेवटच्या रात्री इंडियाचं कार्ड टाकतात, ओटीपी जातो इंडियाच्या सिमवर, आणि ते सिम रिचार्ज न केल्यामुळे कधीचं बंद पडलेलं असतं. मग रात्री साडेअकराला जळगावात भावाला फोन. असं करू नका रे, निदान दोन आठवडे आधी टाका, आणि इथल्या बँकेचं कार्ड वापरा.

कॅशचं आता. रोख पगार देणं हा इथे आपोआप गुन्हा होत नाही, पण पेस्लिप द्यावीच लागते, पगार दिल्यापासून कामाच्या एका दिवसाच्या आत. आणि १८ डॉलर तर उघड उघड चोरी आहे. जुलै २०२५ मध्ये देशाचं किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं (दर जुलैला ते बदलतं), कॅज्युअल, म्हणजे पक्क्या नोकरीवर नसून लागेल तसं काम करणारा, असशील तर त्यावर आणखी २५ टक्के, म्हणजे ३१ डॉलरच्या वर. तू किती घड तोडले त्यावर पैसे देतो म्हणाला तरी २०२२ च्या एप्रिलपासून शेतीच्या तुकडेवारीच्या कामाला सुद्धा तासाचा किमान दर ठरलेला आहे, त्याच्या खाली जाता येत नाही. हे दर व्हिसा कोणता आहे ते बघत नाहीत. पहिला, दुसरा, ब्रिजिंग, सगळ्यांना तेच. आणि "तुझा व्हिसा संपलाय" असा धाक दाखवून कमी पैशात राबवणं, यासाठी १ जुलै २०२४ पासून मालकांवर वेगळे गुन्हे लावता येतात, कायदाच बदललाय त्यासाठी.

तू काय कर, तोंडी भांडत बसू नको. एक साधा मेसेज टाक, की माझा ब्रिजिंग व्हिसा २१ पासून लागू आहे, व्हेवोचा कागद जोडलाय, आधीच्याच दराने आणि पेस्लिपवर काम सुरू ठेवायला मी तयार आहे. लेखी. त्याने तोंडी उत्तर दिलं तर तू परत लिहून पाठव, "आज तुम्ही असं म्हणालात". सहसा इथेच सूर बदलतो. नाही बदलला तर फेअर वर्क ओंबुड्समनला, म्हणजे कामगारांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी ऑफिसला, फोन लाव, १३ १३ ९४, इंग्रजीत बोलायला कचरत असशील तर आधी १३१ ४५० वर दुभाषा माग. आणि तुझे तास तू स्वतः वहीत लिही, तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता सुट्टी, घड वाहत होतास की शेडमध्ये पॅकिंगला होतास, ट्रॅक्टरवर कोण होतं. चिखलाच्या बोटांचे ठसे उमटलेली वही सुद्धा पुढे उपयोगी पडते.

कॅशचा आणखी एक तोटा म्हणजे तिसरं वर्ष. त्यासाठी दुसऱ्या व्हिसावर सहा महिन्यांचं ठरलेलं काम दाखवावं लागतं, आणि पेस्लिप नसलेलं काम दाखवणार कसं? तिथे फॉर्म १४६४ (कामाच्या दाखल्याचा फॉर्म), पेस्लिप, बँकेत पडलेला पगार हेच चालतं. आणि टलीला राहतोस म्हणून सांगते, कॅज्युअलवाल्याचे फक्त प्रत्यक्ष काम केलेले दिवस मोजले जातात. ज्या गावाने १९५० सालच्या पावसाच्या आठवणीसाठी ७.९ मीटर उंचीचा सोनेरी गमबूट उभा केलाय, तिथे पावसाने काम बंद राहिलेले दिवस किती निघतील हे तुला मी काय सांगणार.

लग्नाचं. इथे मात्र मी तुला अडवणार. ब्रिजिंग ए वर देशाबाहेर पाय ठेवलास की तो संपला. तो अजून लागू झालेला नसला, जुन्याच व्हिसावर गेलास आलास, तरी ब्रिजिंग मेलाच, परत आल्यावर नवा मागावा लागेल. जायचंच असेल तर ब्रिजिंग व्हिसा बी घ्यावा लागतो, त्याची वेगळी फी आहे, जायच्या निदान दोन आठवडे आधी अर्ज, आणि जाण्याचं कारण दाखवायचं. सख्ख्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका जोड, पत्रिकेचं इंग्रजी भाषांतर पण जोड. बी हातात आल्याशिवाय तिकीट काढू नको, आणि त्यावर परत येण्याची जी शेवटची तारीख असते तिच्या आत ये, मुंबईला फ्लाइट लेट झाली वगैरे कोणी ऐकत नाही. शिवाय दुसरा अर्ज तू ऑस्ट्रेलियात असताना टाकलायस, त्यामुळे मंजूर होतानाही तू ऑस्ट्रेलियातच असावा लागतोस. हे सगळं जुळत असेल तर जा, हळद लावून ये. नसेल जुळत तर आत्ताच घरी सांग. लग्नाच्या आदल्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं, आई रडेल, मग तीच तुला व्हिडिओ कॉलवर मांडवात घेऊन फिरेल.

डिपोर्ट करतील, म्हणजे देशाबाहेर काढतील, अशी भीती मनात असेल तर ते तुझ्या केसमध्ये कुठेच नाही. समज उद्या अर्ज नाकारला, तरी कळवल्यापासून ब्रिजिंग ए ३५ दिवस चालू राहतो, आणि अपील करायचं तर अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल आहे, किती दिवसांत जायचं ते त्या पत्रातच लिहिलेलं असतं. तशी वेळ आलीच तर पैसे देऊन सल्ला घे, पण रजिस्टर्ड मायग्रेशन एजंटकडूनच, त्याचा रजिस्ट्रेशन नंबर सरकारी यादीत शोधून बघ. मी पण एजंट नाही, हे मासिकातलं उत्तर आहे, तुझी फाइल मी बघितलेली नाही.

प्रश्न : माझी मुलगी डार्विनला कॅफेत काम करते. दुसऱ्या वर्षाच्या व्हिसाची वाट बघतेय. आमच्याकडे इस्लामपुरात नातेवाईक बोलायला लागलेत की पोरगी बिनव्हिसाची राहतेय. खरं काय आहे? एक वडील.

उत्तर : काका, बिनव्हिसाची नाही. ब्रिजिंग हा पण व्हिसाच आहे, सरकारनेच दिलेला, निकाल लागेपर्यंत कायदेशीर राहता यावं म्हणून. नातेवाइकांना एवढंच सांगा आणि चहा पाजा. तिला मात्र एक विचारा, हेल्थ इन्शुरन्स कधीपर्यंतचा आहे? पुष्कळ मुलं पॉलिसी व्हिसाच्या वर्षापुरतीच काढतात, ब्रिजिंगवर आल्यावर ती संपलेली असते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या पासपोर्टवाल्यांना या व्हिसावर मेडिकेअरचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य योजनेचा, आधार नाही, दाढ दुखली तरी खिशातून जातात. आणि ईमेल रोज बघायला सांगा, स्पॅमसकट. व्हिसा खात्याने आणखी कागद मागितले तर मुदत दिलेली असते, ती चुकली तर आहे त्या कागदांवर निकाल लावतात.

प्रश्न : बॅलटमध्ये २५ डॉलर भरून नाव टाकलंय. निकाल येईपर्यंत टुरिस्ट व्हिसावर जाऊन काम सुरू केलं तर चालेल का? पुणे.

उत्तर : नाही. टुरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही, आणि पहिल्या वर्क अँड हॉलिडेचा अर्ज ऑस्ट्रेलियाच्या बाहेरूनच करावा लागतो. पकडला गेलास तर बॅलट लागूनही उपयोग नाही. पुण्यातच थांब, आणि तोवर पासपोर्ट किती वर्षं शिल्लक आहे ते बघून घे.