मार्चमध्ये भरलेला कारच्या एसीचा गॅस जूनमध्येच संपला, गॅरेजवाला म्हणतो दरवर्षी भरावाच लागतो. खरं आहे का? आणि डाव्या सीटखालचं मॅटपण ओलं होतंय, ते यामुळेच का?

नाही हो. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे जाळून संपायला, तो बंद पाइपांत तिथल्या तिथे फिरत असतो. होजमधून, कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून किंचित झिरपतो हे खरं, पण त्याने कूलिंग कमी जाणवायला वर्षं जातात. तीन महिन्यांत गरम हवा म्हणजे लीक आहे, आणि ते कुठंय हे बोट ठेवून दाखवल्याशिवाय परत गॅस भरायला पैसे देऊ नका. कोल्हापुरात गाडीच्या एसीचंच काम करतो, म्हणून एवढं ठामपणे सांगतोय.

आधी बॉनेट उघडून स्वतः बघा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइलपण फिरतं, त्यामुळे जिथून गॅस जातो तिथं ते थोडं बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट डाग पडतो. पाइपांचे जॉइंट, होजची प्रेस केलेली टोकं, गॅस भरायच्या वॉल्व्हची पिन (तिची टोपी कितीतरी गाड्यांत गायब असते) आणि ग्रिलमागचा कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), एवढं टॉर्च मारून बघा. कंडेन्सर सगळ्यात पुढं, त्यामुळे खडे, चिखल सगळं त्याच्याच नशिबी, कोकणात गाडी असेल तर खारी हवा वेगळीच.

डाग नाही दिसला तर गॅरेजवाल्याला सांगा यूव्ही डाय (लीकच्या जागी यूव्ही टॉर्चखाली चमकणारा रंग) टाक नाहीतर नायट्रोजन भरून साबणाचा फेस लाव. नायट्रोजनच, टायरवाल्याची हवा नको, तिच्यात ओलावा असतो आणि या सिस्टीमचा खरा शत्रू तोच. बरेच जण नुसतं व्हॅक्यूम मारतात, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून घेतात, आणि गेजचा काटा हलला नाही की म्हणतात लीक नाही. मला ते पटत नाही कारण व्हॅक्यूममध्ये आत-बाहेरचा फरक जेमतेम 15 पीएसआयचा, आणि उन्हाळ्यात एसी चालू असताना हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढच्या जास्त दाबाच्या बाजूला, 200 च्या वर जातं, मग बारीक छिद्र व्हॅक्यूममध्ये गप्प बसतं आणि प्रेशर आलं की सोडतं.

बाहेर कुठंच सापडलं नाही तर संशय डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर. ही वाईट बातमी, कारण बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि मजुरीच जास्त होते. म्हणून उघडायच्या आधी खात्री करून घ्या: गॅस हवेपेक्षा जड असतो, गाडी थोडा वेळ बंद ठेवून पाणी पडायच्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी लीक डिटेक्टर धरला की कळतं, डाय टाकला असेल तर तिथल्या पाण्यातपण यूव्ही टॉर्चखाली हिरवट चमक दिसते.

सापडल्यावर कॉइल किंवा कंडेन्सरला एम-सील, वेल्डिंग असले उद्योग नकोत, नवीनच टाका. लीक बंद करायचं लिक्विड मिळतं तेही नको, एक्स्पान्शन वॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणारं बारीक छिद्र) चोक होऊ शकतो. जॉइंट उघडला की ओ-रिंग (जॉइंटमधली रबरी रिंग) नवीन, ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) नवीन, किमान अर्धा तास व्हॅक्यूम, आणि गॅस वजनावर. किती ग्रॅम ते बहुतेक वेळा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं, छोट्या गाड्यांत साधारण अर्ध्या किलोच्या आतच. बंद गाडीला गेज लावून "बघा साहेब, फुल आहे" म्हणाला तर हसून सोडून द्या, 30 डिग्रीला आर-134ए चं (गाडीच्या एसीतल्या नेहमीच्या गॅसचं) प्रेशर शंभर पीएसआयच्या जवळपासच दाखवणार, आत लिक्विड रूपातला गॅस थोडा जरी शिल्लक असला तरी.

स्वतः मात्र कुठलाही नट ढिला करू नका, हा गॅस उणे 26 ला उकळतो, बोटावर आला तर कातडी गोठते.

आणि डाव्या सीटखालचं मॅट ओलं होतंय म्हणालात, त्याचा गॅसशी काही संबंध नाही. ड्रेन पाइप कचऱ्याने तुंबलाय, खालून हळूच हवा मारायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.