कॅनडात आजोबांच्या नावानं दारूचा ब्रँड काढायचाय म्हणणाऱ्या खानापूरच्या भावाला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा की तू ओंटारिओला शिकायला येतोयस, बेळगावजवळच्या खानापूरकडं तुमची काजूची बाग आहे, आजोबा हंगामात बोंडांची दारू गाळायचे, आणि इथं त्यांच्या नावानं 'खानापुरी फेणी' काढायची, तर भट्टी आधी घेऊ की कंपनी आधी, आणि घरात कसं सांगू. ताई म्हणून विचारलंस तर सगळंच लिहिते, लांब होणार. मी निपाणीकडची, आमचं गुऱ्हाळ होतं, आता इथं टोरांटोजवळ एका लहान डिस्टिलरीत प्रॉडक्शनला आहे आणि तिथंच आमच्याकडच्या गुळाची दारू माझ्या स्वतःच्या लेबलखाली काढते.

भट्टी घ्यायच्या भानगडीत पडू नको. इथं घरी स्वतःपुरती बिअर वाईन केली तर चालतं, पण दारू गाळायला, अगदी एक लिटर का असेना, एक्साईजचं लायसन्स लागतं, फेडरल कायदा आहे तो, आणि स्टडी परमिटवर असताना असल्या केसमध्ये नाव आलं तर पुढं पीआरचंही, म्हणजे इथं कायम राहायच्या परवानगीचंही, अवघड होऊन बसेल. दुसऱ्याच्या लायसन्सवाल्या डिस्टिलरीत आपली दारू काढून घ्यायची, हाच रस्ता नवीन माणसाला परवडतो. मल्याळी लोकांनी हेच केलं बघ, 2021 मध्ये ओंटारिओत 'मंदाकिनी' आली, केरळच्या 'वाट्ट' नावाच्या गावठी दारूच्या धर्तीवर उसापासून केलेली, आणि ती इथल्या आधीच चालू असलेल्या डिस्टिलरीत काढली. आयर्लंडमध्ये कॉर्कला 'महाराणी' जिन निघते, त्या जोडप्यातली बायको केरळची, त्यांची मात्र स्वतःची डिस्टिलरी आहे. तो खर्च तुला पहिल्या दिवशी झेपणारा नाही.

पैशाचं गणित नीट समजून घे. इथं एक्साईज ड्युटी बाटलीवर नाही, आतल्या शुद्ध अल्कोहोलवर लागते, लिटरमागं 13 डॉलरच्या वर आहे आणि दर एप्रिलला वाढते. 750 मिलीची 40 टक्क्यांची बाटली धरली तर त्यात 300 मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे चार डॉलर नुसते केंद्राला गेले, काच बूच लेबल अजून आलंच नाही त्यात. मग विक्री. ओंटारिओत कडक दारू विकायची म्हणजे एलसीबीओ, 1927 पासूनची सरकारी दुकानं, 2024 पासून कोपऱ्यावरच्या दुकानात बिअर वाईन मिळायला लागली पण तुझी बाटली तिथं जाणार नाही. एलसीबीओच्या शेल्फवर जागा मिळेपर्यंत डिस्टिलरीच्या स्वतःच्या काऊंटरवर विकता येतं, म्हणून करार करताना ज्यांचं असं दुकान आहे आणि शनिवार रविवारी ज्यांच्याकडं माणसं येतात असेच लोक बघ. प्रत्येक प्रांताचं वेगळं असतं हां, अल्बर्टात 1993 मध्येच दुकानं खाजगी झाली, तिथला हिशोब इथं लावू नको.

आता फेणी. गोव्याच्या काजू फेणीला 2009 ला जीआय मिळालंय, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालापुरतं राखीव झालंय. भारतातलं जीआय कॅनडात आपोआप लागत नाही हे खरं, पण म्हणून खानापूरच्या मालाला फेणी म्हणावं असं मला बिलकुल वाटत नाही, चोर्ला घाट उतरला की ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांचं नाव आहे ते. आणि त्याहून मोठी अडचण बोंडाची. पिकून झाडाखाली पडलेलं बोंड त्याच दिवशी तुडवावं लागतं, रस काही तासांतच आंबायला लागतो, ते फळ कॅनडाला येणार कसं? तुझ्या आजोबांची दारू मार्च ते मे आणि त्या बागेच्या बांधावरच होऊ शकते. त्यामुळं ती इथं तशीच करतो म्हणून सांगितलंस तर ते खोटं होईल, आणि आपली माणसं पहिल्या घोटातच ओळखतील.

मग तुझ्याकडनं काय येऊ शकतं? वाळवलेलं येऊ शकतं. आमसूल, तिरफळ, मिरी, दालचिनीची पानं, जांबोटी कणकुंबीच्या पट्ट्यात घराघरात असलेल्या वस्तू. आणि गूळ. विकायला म्हणून अन्नपदार्थ आयात करायचा तर इथल्या अन्न तपासणी खात्याचं लायसन्स लागतं, सुरुवातीला टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनच्या एखाद्या जुन्या इम्पोर्टरच्या कंटेनरमधनंच आण, मसाल्याच्या प्रत्येक वस्तूला परवानगी आहे का तेही त्यालाच आधी विचार.

गुळाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते कारण माझं सगळं त्यावरच उभं आहे. बाजारात तो पिवळाधमक गूळ दिसतो ना, रंग उजळायला हायड्रोस पावडर मारलेला, तो दारूला घेऊ नको. त्यात गंधक राहतं, यीस्ट दबतं, वॉश, म्हणजे आंबवायला ठेवलेलं गुळाचं पाणी, रडतखडत आंबतो आणि टाकीचं झाकण उघडलं की सडक्या अंड्याचा वास. काळपट तांबूस गूळ पाहिजे, भेंडीच्या पाण्यानं मळी काढलेला. आमच्या गुऱ्हाळावर गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, अथणीकडचा होता, कानडी बोलायचा, चुलवाणात चिपाडं किती सारायची ते आवाजावरनं सांगायचा, आणि पाक झाला का बघायला थेंब गार पाण्यात सोडून बोटानं गोळी करायचा. गोळी घट्ट झाली की काहील उतरवायचा हुकूम. काहिलीच्या तळाला किंचित लागलेला पाक असतो त्या ढेपेला जो खरपूस वास येतो ना, तोच मी बाटलीत आणायचा प्रयत्न करते. 100 लिटर वॉशला 18 किलोच्या आसपास गूळ, यीस्टला वेगळं खाद्य द्यावंच लागतं कारण नुसत्या गुळात नायट्रोजन पुरत नाही, आंबून 8 टक्क्यांच्या पुढंमागं जातं, मग तांब्याच्या भांड्यात. धार सुरू झाल्यावर पहिला झणझणीत भाग बाजूला, शेवटचा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येणारा भागही बाजूला, मधलं तेवढं आपलं. पण खरपूसपणा नेमका त्या शेवटाच्या तोंडाशी येतो, जरा आधी तोडलं की गेला आणि जरा उशीर केला की पुठ्ठा. हे नाकानंच शिकावं लागतं, वाचून येत नाही.

आणि ह्या दारूला इथं रम म्हणता येत नाही. कॅनडाचा नियम असा की उसाची असली तरी लहान लाकडी पिंपात, म्हणजे 700 लिटरपर्यंतच्या, किमान एक वर्ष मुरली तरच रम. न मुरवता विकायची तर लेबलवर 'गुळाची दारू' अशा अर्थाचं साधं वर्णन टाकावं लागतं, तेही इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत. वर तुझ्या भाषा घालायच्या त्या घाल, मी मराठी आणि कानडी दोन्ही घातल्यात, कारण गूळ करणारा माणूस कानडी होता आणि ऊस आमचा होता, दोघांशिवाय ती ढेप झालीच नसती. सीमाभागातलं आपलं घर असंच असतंय की, ते बाटलीवर दिसू दे.

आजोबांच्या नावाचं. इथले मार्केटिंगवाले तुला सांगतील की राजवाडा टाक, हत्ती टाक, पिढ्यान् पिढ्यांची गुप्त रेसिपी म्हण. नको. बकार्डीचंच बघ, संस्थापक स्पेनमधनं क्युबाला गेलेला माणूस, 1862 ला सांतियागोत डिस्टिलरी घेतली आणि चिन्ह कुठलं तर त्या छपरात राहणारी वटवाघळं. डोळ्यांसमोर जे होतं ते घेतलं. तुझ्याकडं बाग आहे, घाट आहे, आजोबांची मडकी असतील, त्यांचे फोटो काढून ठेव, कोणतं बोंड घ्यायचे आणि कोणतं टाकायचे ते ज्याला आठवतंय त्याच्याकडनं रेकॉर्ड करून घे, म्हातारी माणसं आहेत तोवरच हे होतंय.

पण नाव टाकायच्या आधी आजीला विचार. हे मी मनापासून सांगते. कर्नाटकात 2007 मध्ये सरकारनं अरॅक, म्हणजे स्वस्त कडक दारू, बंद केली, त्याच्या आधी आपल्याकडच्या बायकांनी संध्याकाळी काय काय सोसलंय ते तुला आठवत नसेल, मला आठवतंय. माझी आई माळकरी, तिला सांगितल्यावर बरेच दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही, आणि मला तिचा राग आला नाही. मग मी गुऱ्हाळाचं नाव ठेवलं, घराण्याचं आडनाव ठेवलं नाही, आणि तेवढ्यावर तिचं समाधान झालं. आजी नको म्हणाली तर बागेचं नाव ठेव, गावचं नाव ठेव. घरातल्या माणसाला मान खाली घालायला लागेल असं नाव बाटलीवर नको.

कॉलेजचं अजून पक्कं नसेल तर नायगारा कॉलेजचा आर्टिझन डिस्टिलिंगचा कोर्स अजून चालू आहे का बघ, त्यांची स्वतःची शिकवायची डिस्टिलरी आहे, हात चालवायला मिळतो. फक्त त्या कोर्सवर नंतर वर्क परमिट मिळतं का ते सरकारच्या यादीत स्वतः तपास, एजंटवर जाऊ नको. शिकताना कॅम्पसबाहेर आठवड्याला 24 तासच काम करता येतं, स्वतःच्या कंपनीत खपलेले तास त्यात कसे धरतात ते लायसन्सवाल्या इमिग्रेशन सल्लागाराकडनं लेखी घे. ओंटारिओत कंपनी काढायला 2021 पासून कॅनडात राहणारा डायरेक्टर लागत नाही म्हणून कोणी घाई करायला लावेल, पण कंपनी काढायला मिळणं वेगळं आणि तुझ्या परमिटवर तिच्यात काम करायला मिळणं वेगळं.

डिस्टिलरीशी करार करताना रेसिपी कोणाची, उरलेला गूळ कोणाचा, बॅच बिघडली तर ड्युटी कोण भरणार, आणि ब्रँडचं नाव कोणाच्या नावावर रजिस्टर होणार, ह्या चार गोष्टी कागदावर आल्याशिवाय सही करू नको. आल्यावर कळव, आधी एक दिवस आमच्या टाकीपाशी उभं राहून बघ, मग ठरव.