शस्त्रांची जुनी दुखणी : ‘वॉर फिनिश’ म्हणजे युद्ध संपलं असं नव्हे

(वाचकांचे प्रश्न आणि फोर्टातल्या एका बंदुकीच्या दुकानात चाळीसेक वर्षं हात काळे केलेल्या निवृत्त कारागिराची उत्तरं)

प्रश्न : काका, नमस्कार. माझे आजोबा सैन्यात होते. त्यांचं .३८ चं वेब्ली मार्क फोर रिव्हॉल्व्हर बाबांकडे आलं आणि बाबांच्या पश्चात रीतसर माझ्या भावाच्या परवान्यावर चढलं. ते आरशासारखं चमकतं, रंग काळपट निळा आहे. अंगावर ‘वॉर फिनिश’ असे इंग्रजी शब्द आहेत, थोडे पुसट झालेत. आम्ही लहानपणी समजायचो की युद्ध संपलं तेव्हा बनवलेलं असणार! भावाच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, ‘कंपनीचं पॉलिश आहे, जपा.’ दुसरे म्हणाले, ‘कोणीतरी परत काळं केलंय.’ विकायचं नाहीये, पण खरं काय ते कळायला हवं. — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : ताई, उत्तर तुमच्याच पत्रात आहे. दुसरे गृहस्थ बरोबर आहेत.

इथं ‘फिनिश’ म्हणजे संपणं नाही, ‘फिनिशिंग’मधलं फिनिश. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कारखान्यावर सरकारी मागणीचा एवढा ताण आला की शेवटचं घासकाम आणि पॉलिश सोडून दिलं गेलं. लेथच्या आणि मिलिंगच्या खुणा तशाच ठेवून वरून काळं करायचं आणि पेटीत भरायचं. पण कंपनीची अब्रूही होती. पुढे कोणी म्हणू नये की वेब्लीवाल्यांना हात चालवता येत नाही, म्हणून त्यांनी मालावरच ठसा मारला : वॉर फिनिश. म्हणजे, ‘बाबांनो, लढाईचे दिवस आहेत, हे असंच मिळेल.’ लग्नाच्या पंगतीत यजमानानं आधीच सांगून टाकावं तसं, की यंदा जिलबी नाही.

आता तुम्हीच सांगा, ‘मी खडबडीत आहे’ असं स्वतःच्या अंगावर लिहिलेलं रिव्हॉल्व्हर आरशासारखं कसं चमकेल? मधल्या सत्तर-ऐंशी वर्षांत कोणीतरी ते बफच्या, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकावर धरलं, खुणा घासून काढल्या आणि नव्यानं ब्ल्यूइंग केलं, म्हणजे पोलादावर काळपट निळा रंग चढवला. शब्द पुसट झालेत तेही त्याच चाकामुळे.

हे मी ठासून सांगतोय, कारण हाच उद्योग मी स्वतः केलेला आहे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिवाजी पार्कचे एक निवृत्त गृहस्थ असंच युद्धकाळातलं वेब्ली घेऊन आले. ‘नव्यासारखं करून द्या,’ म्हणाले. मी तेव्हा तरुण, हात नुकता बसलेला, आणि चाकावर काम करायला कोणाला आवडत नाही! सगळी दुपार घालवली. चेहरा दिसेल असं चमकवलं आणि मोठ्या तोऱ्यात वडिलांपुढे ठेवलं. वडीलही याच धंद्यातले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, चौकटीच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, ‘आंघोळीच्या साबणासारखं झालंय रे.’ बस, एवढंच. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. मी मात्र त्या दिवसापासून कोणतंही जुनं शस्त्र हातात आलं की आधी कडा बघतो, चमक शेवटी.

कारण चमक कोणालाही आणता येते, कड परत आणता येत नाही. कारखान्यात सपाट भाग सपाटच ठेवून पॉलिश करणारे कसबी लोक असायचे. जिथे दोन पृष्ठभाग मिळतात तिथे रेघ कशी धारदार राहायची. कापडाच्या चाकाला हे कळत नाही. ते मऊ असतं, कडेवरून वळतं आणि कड खाऊन टाकतं. रिव्हॉल्व्हर खिडकीपाशी न्या, ट्यूबलाइटखाली नको. सपाट बाजूवर खिडकीच्या गजाचं प्रतिबिंब पडू द्या आणि हळूच तिरकं करा. गज सरळ राहिला तर ठीक. वाऱ्यावरच्या दोरीसारखा लहरला तर तिथे चाक फिरलंय.

मग स्क्रू. स्क्रूचं डोकं ज्या भोकात बसतं, त्याची कड कारखान्याच्या कामात काटेकोर गोल असते. बफ मारला की भोकाभोवती बशीसारखा हलका खळगा होतो, कारण चाक तिथे आत बुडतं. माझ्या मते ही खूण फार कमी वेळा फसवते. स्क्रूच्या खाचा खाल्लेल्या असतील तर त्यातून एवढंच कळतं की कोणी तरी चुकीच्या पेचकसानं तो उघडला होता.

अक्षरांचं मात्र जरा सबुरीनं घ्यायला हवं. आपल्याकडे पितळी तांब्यावर आजीचं नाव कोरलेलं असतं ना? चिंच आणि राखेनं वर्षानुवर्षं घासल्यावर अक्षराचा तळ दिसतो, पण कड गेलेली असते, नाव जणू धुक्यातून वाचतोय असं वाटतं. तेच इथे. ठसा मारताना धातू अक्षराच्या कडेला किंचित उचलला जातो आणि ती बारीक कड नखाला लागते. ती लागली तर वरून चाक गेलेलं नाही. पण न लागली म्हणून लगेच ‘खोटं’ म्हणू नका. काही कारखाने ठसा मारल्यावर पुन्हा पॉलिश करत. एकट्या खुणेवर निकाल देणारा माणूस आणि एकट्या साक्षीदारावर फाशी देणारा न्यायाधीश, दोघांपासून लांब राहावं.

मूठ काढून बघणं सगळ्यात बोलकं. तुमच्या वेब्लीच्या मुठीच्या दोन बाजूंच्या पट्ट्या एका स्क्रूवर बसतात. त्याखालची चौकट ना हातानं घासली जाते, ना होल्स्टरच्या, म्हणजे कातडी म्यानाच्या आतून, आणि नंतर चमकवणाराही तिथे जीव लावत नाही. खाली खडबडीत मिलिंगच्या रेघा आणि मुठीबाहेर लगेच आरसा, असं दिसलं की प्रकरण मिटलं. अस्सल वॉर फिनिशमध्ये आतला आणि बाहेरचा खडबडीतपणा एकाच जातीचा असतो. मुठीची कड आणि धातू यांच्यावरून बोटही फिरवा. धातू घासून खाली गेला असेल तर मूठ पायरीसारखी वर राहिलेली लागते.

आणखी एक जागा : सिलिंडरभोवतीची, म्हणजे गोळ्या बसतात त्या फिरत्या नळकांड्याभोवतीची रेघ. सिलिंडर फिरताना त्याला थांबवणारा तुकडा अंगावर घासतो आणि वर्षानुवर्षांनी एक वळं उमटतं. ती रेघ असणं हा दोष नाही, उलट वापराचा प्रामाणिक पुरावा आहे. पण रेघेच्या जागी धातूत खोबण आहे आणि खोबणीच्या तळाशी मात्र सलग निळा रंग आहे, असं असेल तर रंग झिजेनंतर आला. गंजाच्या खड्ड्यांचंही तसंच. मूळ रंगावर गंज चढतो तेव्हा खड्डा तपकिरी असतो. खड्ड्याच्या आतही चकचकीत निळं दिसलं, तर आधी खड्डा आणि मग रंग. क्रम ओळखायचा, एवढंच खरं तर सगळं काम आहे.

झीज कुठे आहे तेही बघा. होल्स्टरमध्ये राहिलेल्या शस्त्राचा रंग नळीच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना आणि सिलिंडरच्या पुढच्या कडेला आधी उडतो. हाताच्या घामानं मुठीची मागची पट्टी तपकिरी होते. सैन्यात राहिलेल्या माणसाचं रिव्हॉल्व्हर आणि या तिन्ही जागा कोऱ्या, हे मला पटत नाही.

तुमच्याबाबतीत एक शक्यता मोकळी ठेवतो. काही शस्त्रं सरकारी कार्यशाळेत दुरुस्त होऊन पुन्हा रंगवली जात. ब्रिटिश पद्धतीत अशा संपूर्ण दुरुस्तीला एफटीआर म्हणत आणि बऱ्याचदा तशी अक्षरं आणि वर्ष ठोकलेलं असे. तेही कारखान्याचं मूळ फिनिश नव्हे, पण बाजारू चमकही नव्हे, त्याला स्वतःचा इतिहास असतो. पण सरकारी कार्यशाळेला आरसा करायची हौस नसते. त्यांचं काम गंज थांबवण्याचं. तुमच्यावर तशी अक्षरं नसतील तर चमक खासगी हौसेची.

भावाला दोन गोष्टी सांगा. पहिली, आता ‘पुन्हा मूळसारखं’ करायच्या भानगडीत पडू नका. अजून एकदा चाक फिरलं तर नंबर पुसट होईल आणि तिथे हौसेची गोष्ट संपते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार शस्त्रावरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं, काढणं, बदलणं निषिद्ध आहे. दुसरी, हे सगळं बघणं परवानाधारकानं, म्हणजे त्यानंच, शस्त्र रिकामं असल्याची दोनदा खात्री करून आणि शक्यतो परवाना असलेल्या दुकानात करावं. तुम्ही शेजारी बसून भिंग धरा, त्याला हरकत नाही. परदेशातल्या लिलावांचे आकडे वाचून मात्र कोणी काही बोलू लागलं तर चहा पाजून वाटेला लावा. आपल्याकडे शस्त्र फक्त परवानाधारकाला किंवा विक्रेत्याला, कागद पुरे करूनच विकता येतं. त्या बाजाराशी आपला बाजार जुळत नाही.

आजोबांचं रिव्हॉल्व्हर कोणी चमकवलं असेल? माझा अंदाज, स्वतः आजोबांनीच करून घेतलं असेल. निवृत्तीनंतर माणसाला बूट, बिल्ले, बक्कल सगळंच चकाकतं लागतं.

प्रश्न : माझ्याकडे परवान्यावर जुनं स्मिथ अँड वेसन .३८ आहे. नंबर ‘व्ही’ या अक्षरानं सुरू होतो, निकेल पॉलिश आहे, घोडा आणि चापसुद्धा चांदीसारखे आहेत. फॅक्टरी निकेल म्हणून मित्र दुप्पट भाव सांगतो. — एक वाचक, मुलुंड

उत्तर : मित्राला सांगा, भाव निम्मा कर.

‘व्ही’ म्हणजे व्हिक्टरी, हे १९४२ पासून युद्धासाठी काढलेलं मॉडेल. त्याला कारखान्यातून मंद, चमक नसलेला रंग मिळे. मूठ साध्या गुळगुळीत अक्रोडाची आणि बुडाला दोरी अडकवायची कडी. चांदीसारखं चकाकणारं व्हिक्टरी हे लढाईला पैठणी नेसून निघाल्यासारखं आहे. युद्ध संपल्यावर अशी हजारो रिव्हॉल्व्हरं बाजारात आली आणि हौशी लोकांनी निकेल चढवून घेतलं.

‘व्ही’ नसतं तरी घोड्यानं आणि चापानं गुपित फोडलंच असतं. स्मिथवाले आपल्या निकेलच्या मालावरसुद्धा हे दोन भाग सहसा निकेलमध्ये बुडवत नसत. त्यांना केस हार्डनिंग करून, म्हणजे तापवून वरचा थर कडक करून ठेवत आणि त्यावर राखाडी, निळे, तपकिरी ढग दिसत, तेलाचा थेंब पावसाच्या पाण्यावर पसरावा तसे. नंतर मुलामा देणारा माणूस सगळं सुटं करून एकाच हौदात टाकतो, त्याला कुठला भाग कसा असतो याच्याशी देणंघेणं नसतं. आणि एकदा उजेडात धरून बघा, निकेलला किंचित पिवळट, ऊबदार झाक असते. तुमच्यावर थंड निळसर पांढरी चमक असेल तर ते निकेलही नव्हे, क्रोम आहे. स्कूटरच्या बंपरवरचं क्रोम आठवा.

प्रश्न : माहीमला समुद्राच्या बाजूला राहतो. पावसाळ्यात रिव्हॉल्व्हरच्या निळ्या रंगावर ठिपके येतात. बाटलीतलं गार ब्ल्यूइंग लावू का? सध्या खोबरेल तेल लावून कातडी होल्स्टरमध्ये ठेवतो. — एक वाचक

उत्तर : बाटली नको. तो रंग वरवरचा, हातानं झिजतो आणि पुढे कोणी तपासलं तर ठिगळ म्हणून दिसतो. तुमचा मूळ रंग डागाळलेला असला तरी मूळ आहे.

खोबरेल तेल आजच पुसा. ते चिकट होतं, थंडीत गोठतं आणि धूळ धरतं. शिलाई मशीनचं पातळ तेल घ्या, मऊ सुती कापडावर दोन थेंब. ठिपका जिवंत असेल, म्हणजे बोटाला तांबूस लागत असेल, तर त्याच तेलात बुडवलेल्या कापडानं हळूहळू पुसा. काथ्या, रेतीचा कागद, टूथपेस्ट यातलं काही नको. (टूथपेस्ट लावणारे मला दर पावसाळ्यात एक-दोन भेटतात.) निकेल असतं तर अमोनियावालं औषधही टाळायला सांगितलं असतं.

कातड्यात मात्र अजिबात ठेवू नका. कातडं ओल धरतं, त्यात कमावताना वापरलेली द्रव्यंही असतात आणि दोन्ही मिळून रंग खातात. कुलपाच्या कपाटात, कापडात गुंडाळून, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या जूनच्या पहिल्या आठवड्यात बदला, गणपतीपर्यंत थांबू नका.

होल्स्टर टाकू मात्र नका. आतून उघडून बघा, जिथे कातडं काळं आणि गुळगुळीत झालंय त्या जागा रिव्हॉल्व्हरवरच्या झिजेशी जुळतात का. जुळल्या तर ते दोघे खरंच एकमेकांचे आहेत आणि तुमचा रंगही बहुधा पहिलाच आहे.