१६८ > २४ ही सिद्धता नव्हे

प्रश्न थोडक्यात असा: क्लाइन क्वार्टिक या बंद सरफेसवर (जीनस, म्हणजे भोकांची संख्या, ३) १६८ सममितींचा ग्रुप क्रिया करतो. हँडलबॉडी म्हणजे जाड केलेल्या जाळीसारखा भरीव आकार; त्यावरच्या ग्रुपची मर्यादा १२(जी−१) (जी म्हणजे जीनस), म्हणजे इथे २४. तेव्हा हाच सरफेस एकमेव सीमा असलेल्या कुठल्याच कॉम्पॅक्ट त्रिमितीय मॅनिफोल्डवर (त्रिमितीय अवकाशावर) ही क्रिया विस्तारत नाही, बरोबर ना? आणि एरवी हे तपासायचं कसं?

निष्कर्ष बरोबर, कारण साफ चूक. हे कारण सेमिनारमध्ये इतक्या ठसक्यात सांगितलं जातं की डोकं उठतं. १२(जी−१) ही मर्यादा हँडलबॉडीची आहे, बस्स. तोच सरफेस सीमा असलेले बाकीचे मॅनिफोल्ड ढिगाने पडलेत. ग्रादोलातो आणि झिमरमान या गणितज्ञांनी हर्विट्झ क्रियांचाच, म्हणजे सरफेसवरच्या ग्रुपची कमाल घटकसंख्या ८४(जी−१) गाठणाऱ्या क्रियांचाच, अभ्यास केलाय, आणि त्यांतल्या काही हायपरबोलिक (ऋण वक्रतेच्या) मॅनिफोल्डवर व्यवस्थित विस्तारतात.

खरं कारण बघा. ऑर्डर ७ चा, म्हणजे सात वेळा लावला की सगळं जागेवर आणणारा, एक घटक घ्या. रीमान–हर्विट्झ सूत्र (४ म्हणजे २जी−२, −२ भागाकारातल्या गोलाचा, क म्हणजे स्थिर बिंदूंची संख्या): ४ = ७×(−२) + ६क, म्हणून क = ३, म्हणजे तीन स्थिर बिंदू. क्रिया आत विस्तारली तर या घटकाचा स्थिर संच एकमितीय असणार, कारण दिशा राखणाऱ्या त्रिमितीय रोटेशनला अक्ष असतोच. मॅनिफोल्ड कॉम्पॅक्ट आहे, म्हणून या संचात फक्त बंद वर्तुळं आणि दोन टोकांचे कंस. टोकं सगळी सरफेसवर, आणि ती सम संख्येतच येणार. तीन आहेत. संपलं. ग्रुपमधल्या उरलेल्या १६१ घटकांना हातही लावावा लागला नाही.

पण बिंदू सम आले म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. चौकोनी टोरस ९० अंशांनी फिरवा: स्थिर बिंदू दोन, एक कोपऱ्यात आणि एक मधोमध. दोन्हीकडे रोटेशन एकाच दिशेचं. कंसाच्या एका टोकाशी अक्ष आत शिरतो, दुसऱ्या टोकाशी बाहेर पडतो, म्हणून बाहेरून पाहता दोन टोकांचे कोन उलट हवेत. +९० आणि +९० जुळत नाहीत, क्रिया विस्तारत नाही. पडताळा हवा असेल तर होमॉलॉजी (बंद वक्रांचा बीजगणिती हिशोब) घ्या: टोरसच्या पहिल्या होमॉलॉजीतली जी परिमेय रेषा आत मरते (शून्य होते) ती क्रियेने जागच्या जागी राहिली पाहिजे, पण ९० अंशांच्या रोटेशनचं बहुपद क्ष²+१, आणि त्याला परिमेय मूळच नाही. १८० अंशांना ही अडचण येत नाही, कारण +१८० आणि −१८० एकच.

चक्रीय ग्रुपला, म्हणजे एकाच घटकाच्या आवर्तनांनी बनलेल्या ग्रुपला, एवढी तपासणी पुरते. क्रियेने एकमेकांवर जाणारे बिंदू एकच मानले की भागाकार सरफेस मिळतो, आणि स्थिर बिंदूंचे त्यावर शंकुबिंदू होतात; त्यांच्या उलट कोनांच्या जोड्या लागल्या की त्या कंसांनी जोडायच्या. उरलेल्या मुक्त (स्थिर बिंदू नसलेल्या) भागाला अडथळा नाही, कारण चक्रीय ग्रुपची दुसरी होमॉलॉजी शून्य असते. ग्रुप चक्रीय नसेल तर भागाकारात तीन अक्ष एका बिंदूत मिळू शकतात, पण फक्त (२,२,न), (२,३,३), (२,३,४) किंवा (२,३,५) अशा ऑर्डरचे. म्हणून जीनस ७ वरच्या ५०४ च्या हर्विट्झ ग्रुपला वरची युक्ती अडवत नाही: तिथे ऑर्डर ७ च्या घटकाला दोनच स्थिर बिंदू, कोनही उलट. या चाळणीतून तो सुटतो, एवढंच. पुढचा हिशोब करावाच लागतो.

दुसरा लाडका गैरसमज: सीमेवर क्रिया मुक्त असेल तर अडथळा म्हणजे शूर मल्टिप्लायर (ग्रुपची दुसरी होमॉलॉजी). आतही मुक्त क्रियाच हवी असेल तर ठीक. नाहीतर टोरसवर न×न सरकवणी घ्या: मल्टिप्लायरमधला वर्ग शून्य नाही, तरी भरीव टोरसवर दोन्ही दिशांनी फिरवून ती आरामात विस्तारते, मधलं वर्तुळ अक्ष होतं. मुक्त क्रिया नेहमीच अशी विस्तारते असं अनुमानही होतं. ते गणितज्ञ एरिक सॅम्पर्टननी २०२२ मध्ये खोटं ठरवलं.

हे सगळं दिशा राखणाऱ्या, गुळगुळीत क्रियांपुरतं. परावर्तनं आली की स्थिर संचात अख्खे पृष्ठभाग येतात आणि टोकं मोजून भागत नाही. आणि सीमा तो एकच सरफेस हवा. दुसरी सीमा चालणार असेल तर सरफेस × [०,१] घ्या आणि घरी जा.

हँडलबॉडीची मर्यादा निरुपयोगी आहे असं नाही. १२०-सेल या चौमितीय नियमित आकृतीच्या कडा त्रिमितीय गोलात जाड केल्या की १२००−६००+१ = ६०१ जीनस येतो, ग्रुप ७२०० चा, म्हणजे बरोबर १२×६००. तुमच्या ग्रुपची ऑर्डर (घटकसंख्या) १२(जी−१) च्या वर गेली तर हँडलबॉडी खोडा आणि स्थिर बिंदूंचे कोन लिहायला घ्या.