गावाशेजारच्या किल्ल्यावर दीपोत्सव करायचा आहे. परवानगी कुणाची लागते आणि काय काळजी घ्यावी?

उत्तर: पुण्याच्या आसपासच्या किल्ल्यांवर आमचा गट स्थानिक गावकऱ्यांबरोबर असे कार्यक्रम करतो, त्या अनुभवावरून सांगतो.

आधी किल्ला कुणाच्या ताब्यात आहे ते पक्के करा. जुलै 2025मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेले 12 किल्लेच पाहा ना: रायगड, शिवनेरी, लोहगड केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. लहानसहान गड पुष्कळदा दोघांच्याही यादीत नसतात. तिथली जमीन वनखात्याची असते, नाहीतर खासगी. तलाठ्याकडे सातबारा पाहिला की उलगडा होतो. किल्ला केंद्र संरक्षित असेल, तर 1959च्या नियमांनुसार प्रथेतला धार्मिक विधी सोडून कोणताही समारंभ लेखी परवानगीशिवाय करता येत नाही, म्हणून अर्ज बराच आधी द्या. त्रिपुरी पौर्णिमा धरायची असेल तर आषाढातच कागद हलवायला लागा. पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला पत्र द्यायचेच.

आता दिव्यांचे. पणत्या थेट तटावर किंवा पायऱ्यांवर मांडू नका. तेल सांडते, दगडात आणि चुन्याच्या सांध्यांत मुरते, त्यावर धूळ बसून काळा डाग पडतो आणि मग तो घासूनही जात नाही. पत्र्याच्या तबकात वाळू पसरून त्यात पणत्या ठेवा. झेंडूच्या माळांसाठी दगडांच्या फटीत खिळे ठोकू नका, बांबू उभे करा. मशालींचा मोह आवराच, फोटो कितीही छान येवोत. कार्तिकात गवत वाळायला लागलेले असते, एक ठिणगी पुरते. शिवाय बुरुजाखाली, कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ असेल तर धुराने माश्या उठतात आणि अरुंद दरवाजातून तीनशे माणसे एकदम पळू लागली की काय होईल ते सांगायला नको. दोन दिवस आधी दिवसाउजेडी सगळा गड फिरून मोहोळे हेरून ठेवा. डीजे नको याचे हेही एक कारण. दुसरे कारण तुम्हाला माहीत आहेच.

पण खरे सांगू का, दिवे हा सोपा भाग. गावाला किल्ल्याबद्दल स्वतःचे असे काही सांगता आले तर कार्यक्रमाला अर्थ. नाहीतर बाहेरून वक्ता येतो, अफझलखान आणि आग्र्याहून सुटका सांगून जातो आणि तुमच्या गडाचे नावही भाषणात येत नाही. शिवकाळात गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस असे तीन अधिकारी असत आणि पायथ्याच्या वस्त्या घेऱ्याचा (गडाभोवतीच्या परिसराचा), मेटांचा (गडाखालच्या चौक्यांचा) पहारा सांभाळत. घेरा सिंहगड, घेरा पुरंदर ही गावांची नावे आजही कागदोपत्री आहेत. तुमच्या वाडीचे नाव, शेताचे नाव, कुणाच्या घरी वर्षाला गडावरच्या देवीचा मान आहे, कुठल्या घराकडे इनाम होते, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. कुणाच्या पेटीत मोडी कागद निघाला तर तो लॅमिनेट करू नका, फोटो काढून जाणकाराकडून वाचून घ्या. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, तिथेही तुमच्या गडाचे काही सापडू शकते. मग शाळेतल्या पोरांना एकेका दरवाजापाशी, टाक्यापाशी उभे करा आणि त्यांच्या तोंडून हे सांगवा. आजोबांचे नाव नातवाने घेतले की समोरची बायामाणसे जागची हलत नाहीत, हे मी पाहिले आहे.

कार्यक्रमाआधी साफसफाई निघतेच. प्लास्टिक, बाटल्या खुशाल उचला. पण तटात रुजलेला पिंपळ ओढून काढू नका, मुळाबरोबर चिरे निखळतात. टाक्यातला गाळही परवानगीशिवाय उपसू नका. खापरे, तोफगोळा, नाणे काही दिसले तर जागेवरच फोटो काढा, खात्याला आणि तहसीलदारांना कळवा.

एवढ्यात कुणीतरी उत्साहाने म्हणेलच, की दोन पायऱ्या पडल्यात, चार पोती सिमेंट आणून बसवून टाकू. त्याला अडवा. जुने काम चुन्यातले असते, सिमेंट त्याच्याहून कडक, ओल आत कोंडते आणि शेजारचा दगड फुटू लागतो. फोटो जोडून संबंधित खात्याला पत्र द्या, पोच घ्या आणि दर दोन महिन्यांनी विचारत राहा.